डब्यांची सोयरीक

छोटेलाल बिसेन १९९९ साली गोंदियाजवळच्या कुडव्याच्या कॉलेजात लागला, तेव्हा त्याची कामं तीन होती. सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढायचं, कॉम्प्युटरवरची कापडं काढायची, आणि संध्याकाळी तीच कापडं परत घालून कुलूप लावायचं. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. ताकीद देणारे सर दोन वर्षांत नागपूरला निघून गेले. कापडं राहिली, कॉम्प्युटर राहिले आणि छोटेलाल राहिला. पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मना केलेल्या वस्तूला हात लावायची खोड त्याला कामठ्याला शाळेत असल्यापासून होती. तिथे त्यानं वडिलांचा रेडिओ उघडून पाहिला होता आणि बंद करताना दोन स्क्रू उरले होते. त्यानंतर रेडिओ जास्त चांगला वाजायला लागला असं तो आजही सांगतो. घरच्यांचं म्हणणं वेगळं आहे.

पंधरा वर्षांत हुद्दा बदलला नाही. कागदावर तो परिचर होता तो परिचरच राहिला. पण कॉलेजात ज्या ज्या वस्तूला वायर होती ती छोटेलालची झाली. प्राध्यापक मंडळी त्याला नावानं हाक मारायची आणि काम अडलं की ‘छोटेलालजी’ म्हणायची. तो ‘जी’ ऐकला की काहीतरी बिघडलंय हे त्याला न सांगता कळायचं.

या सगळ्या वायरींच्या टोकाला एक सर्वर होता. दुसऱ्याच्या हातून आलेला, वर्षानुवर्षं राबलेला आणि चालू झाला की राइस मिलच्या वरताण आवाज करणारा. त्याच्या पोटात कॉलेजचं सगळं होतं: विद्यार्थ्यांची हजेरी, परीक्षेचे गुण, ग्रंथालयाची यादी. तिघं एकाच ताटात जेवायची, आणि एकाच ताटात जेवणारी तीन भावंडं कशी वागतात ते घरात लेकरं असलेल्या माणसाला ठाऊक असतं. हजेरीला नवं काही घालावं तर परीक्षेला ते सोसायचं नाही. परीक्षेसाठी काही बदलावं तर ग्रंथालय रुसून बसायचं.

आणि मग २०१४ साली ते सत्तर पुस्तकांचं प्रकरण झालं. छोटेलालनं ग्रंथालयाच्या नोंदी दुरुस्त करायला घेतल्या आणि परीक्षेच्या नोंदी त्यात जाऊन मिसळल्या. बी.ए.च्या एका मुलीला इतिहासात सत्तर गुण होते. तिच्या नावावर सत्तर पुस्तकं थकीत निघाली. ती परीक्षा विभागात रंजिता मेश्राम मॅडमच्या टेबलापुढे उभी राहून हमसून हमसून रडली. ‘‘मॅडम, मी आख्ख्या जिंदगीत सत्तर पुस्तकं पाहिली नाई वं. नेईन कुठून?’’

रंजितामॅडम तोंडाच्या फटकळ होत्या. त्या थेट कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. ‘‘छोटेलालभाऊ, ज्या पोरीले पस्तीस मार्क भेटले ते खुशीत आहे. कमी पुस्तकं थकली म्हनते.’’

छोटेलाल हसला नाही. ती मुलगी रडली हे त्याच्या जिव्हारी लागलं. पुढचे कित्येक महिने तो यावर उपाय शोधत राहिला. पहिला उपाय त्याला मिळाला तो असा, की एका कॉम्प्युटरच्या आत अख्खे तीन कॉम्प्युटर उभे करायचे आणि एकेकाला एकेक काम द्यायचं. उपाय चांगला होता. पण तिसरा कॉम्प्युटर उभा करताच सर्वर असा धापा टाकायला लागला, की छोटेलालनं घाईघाईनं पंखा त्याच्याकडे वळवला आणि हात जोडले.

खरा उपाय मिळाला तो भर दुपारी, टिफिन उघडताना. राजकुमारीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्या दिवशी तीन डब्यांचा टिफिन दिला होता. एकात भात, एकात लाखोरीची डाळ, एकात गुळाची खीर. समोर पडद्यावर कालपासून उघडं असलेलं इंग्रजी पान होतं. त्यात लिहिलं होतं की एका सर्वरवर हलके हलके डबे ठेवता येतात. एका डब्यात एकच काम आणि त्या कामाला लागणारं सामान तेवढं त्याच डब्यात. आख्खा कॉम्प्युटर आत कोंबायची गरज नाही, कारण खालची चूल सगळ्यांची एकच. कालपासून ते पान त्यानं सहा वेळा वाचलं होतं आणि सहाही वेळा डोक्यावरून गेलं होतं. आता त्यानं टिफिनकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, पुन्हा टिफिनकडे पाहिलं, आणि डाळीत भिजलेला हात तसाच वर करून तो खोलीत गरगर फिरला. डाळ खिरीत जात नाही! एवढीच तर गोष्ट! पंधरा कॉम्प्युटर सोडले तर हा नाच कोणी पाहिला नाही, आणि ते बरंच झालं.

घरी जाऊन त्यानं राजकुमारीला सांगितलं, ‘‘तुझ्या टिफिननं कालेज वाचवलं.’’

राजकुमारी अंगणवाडीत काम करते. दिवसभर चाळीस लेकरांचं ऐकून घेण्याची तिला सवय आहे. ‘‘वाचवलं तं वाचवलं. पर टिफिन कुठं हाय?’’ टिफिन कॉलेजातच राहिला होता.

त्यानंतरचे तीन महिने माणूस जमिनीवर नव्हता. एकेक काम त्यानं एकेका डब्यात घातलं. त्यातही त्यानं दोन जाती केल्या. लोकांना पडद्यावर पान दाखवणाऱ्या डब्याला तो दुकान म्हणायचा आणि मागे नोंदी सांभाळणाऱ्या डब्याला कोठार. प्रत्येक दुकानाला त्याचं कोठार जोडून द्यायचं, म्हणजे दुकान मागेल ते कोठार देतं. पण दोन कोठारं एकमेकांना चुकूनही जोडायची नाहीत. जोडली की पुन्हा सत्तर पुस्तकं.

आता हे लक्षात कसं राहावं? इथे छोटेलालनं जे केलं ते पोवाराच्या घरी जन्मलेल्या माणसालाच सुचावं. पोवारांत छत्तीस कुळं मोजतात आणि एका कुळाच्या दोघांचं लग्न लागत नाही. बिसेनाची मुलगी बिसेनाच्या घरी देत नाहीत, मग ते बिसेन शंभर कोसांवरचे का असेनात. छोटेलालनं डब्यांना माणसांसारखी नावं आणि आडनावं दिली. सगळ्या कोठारांचं कुळ एकच ठेवलं, कटरे. कटरेच का? तर पहिलं कोठार करताना खिडकीतून समोरच्या किराणा दुकानाची पाटी दिसत होती. दुकानांना पटले, पारधी, शरणागत, जे सुचेल ते. मग त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘लगन’. दोन डबे जोडायचे तर ‘लगन’ आधी त्यांची कुळं पाहणार. वेगळी असली तर जोडणार आणि स्पीकरवर चार सेकंद लग्नाचा बँड वाजवणार. एकच असली तर साफ नकार. खुद्द छोटेलालनं हुकूम दिला तरी नकार, कारण सत्तर पुस्तकांचा घोळ खुद्द छोटेलालनंच घातला होता.

रंजितामॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवले. ‘‘भाऊ, मशीनमंधी बी जातपात घुसवली का तुमी?’’

‘‘जात नाई मॅडम, नुसतं कुळ. एका घरचे दोघं जुळवाचे नाई, बस.’’

‘‘मंग परीक्षेच्या डब्याले माझं नाव द्या. मेश्राम. पाहू तुमची मशीन काय म्हनते तं.’’

छोटेलालनं नाव दिलं. मेश्राम हे पोवारांच्या छत्तीस कुळांतलं नाव नव्हे. ‘लगन’नं मेश्राम पाहिलं, कटरे पाहिलं, कुळं वेगळी आहेत एवढंच त्याला कळलं, आणि बँड वाजला. रंजितामॅडम खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. ‘‘घ्या! तुमची मशीन तं तुमच्या लोकायच्या पुढं निघून गेली!’’ त्या दिवसापासून परीक्षेचा डबा कधी अडला नाही. कॉलेजात ज्याला त्याला त्या हे सांगत सुटल्या.

अशा सुखात २०१५ साल सरत आलं, आणि संस्थेचे सचिव यादोराव टेंभरे कॉम्प्युटरची खोली पाहायला आले.

यादोराव म्हणजे मोठं प्रस्थ. साठीच्या घरातले, पांढरे कपडे, आवाज असा की शिपाई आपोआप उभे राहतात. समाजाच्या सामुदायिक विवाहात सोयरिका जुळवायला त्यांनाच बोलावतात, आणि कुळात घोटाळा निघाला म्हणून मांडवात उभं राहून सोयरीक मोडल्याचंही त्यांच्या नावावर आहे. त्यांनी सर्वरचा आवाज ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘हे भंगार हाय. नागपूरची कंपनी सारं तिकडून चालवाले तयार हाय. हे उचला इथून.’’

‘‘साहेब, आणि मी?’’ छोटेलालनं विचारलं.

‘‘तू केशोरीले जाय. आपल्या शाळेत मानूस पाहिजे. घंटा वाजवाचा हाय.’’

केशोरी काही वाईट गाव नाही. धानाचं, भरल्या घरांचं गाव आहे. पण ते जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथल्या शाळेत कॉम्प्युटर म्हणून जो होता तो भिंतीवर रंगवलेला होता. राजकुमारीची अंगणवाडी कुडव्याची, ती येऊ शकणार नव्हती. म्हणजे घर तुटणार, डबे तुटणार आणि छोटेलालनं सोळा वर्षांत कमावलेलं सगळं एका घंटेच्या दोरीला टांगलं जाणार. न राहवून त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘‘साहेब, एक बार पाहून तं घ्या.’’

‘‘काय पाहू?’’

‘‘तुमी म्हनान ते एक बंद करतो. बाकी सारं चालूच राहीन. आणि बंद केलेलं पुन्हा चालू केलं तं एक नोंद बी कमी भरनार नाई. भरली तं मी आपल्या पायानं केशोरीले जातो.’’

यादोरावांना पैजेची भाषा समजायची. जानेवारीत नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन होतं. त्यांच्या दिवंगत वडिलांचं, बकाराम टेंभरे यांचं नाव त्या ग्रंथालयाला दिलं जाणार होतं. ‘‘त्याच दिवशी,’’ ते म्हणाले, ‘‘साऱ्यायसमोर दाखव.’’

छोटेलालनं तयारी केली ती अशी की मुलीच्या लग्नाची कोणी करणार नाही. सगळे डबे दहा दहा वेळा बंद करून चालू केले. चार हजार तीनशे बारा पुस्तकं मोजून घेतली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळं चोख होतं, आणि त्यानं राजकुमारीला सांगितलं की आता देव जरी आला तरी हे बिघडवू शकत नाही.

देव आला नाही, प्राचार्य आले. उद्घाटनाला अर्धा तास उरला असताना प्राचार्य केशोराव तुरकर कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले. ‘‘छोटेलालजी, ग्रंथालयाच्या डब्याचं नाव काय ठेवलं?’’

‘जी’ ऐकताच छोटेलाल खुर्चीतून उठला. ‘‘बकाराम टेंभरे, सर. कोठाराचं नाव ग्रंथपाल कटरे.’’

‘‘हे कटरे कोन? साहेबांच्या बाबाच्या बाजूला कोनतरी कटरे? पडद्यावर दिसनार ना ते! यादोराव टेंभरे करा. बाप आणि लेक, दोघंही. साहेब खूश होतील.’’

आणि छोटेलालनं ते केलं. कुळाचा नियम ज्यानं स्वतः लिहिला, रात्रंदिवस जपला, त्या माणसानं बापाशेजारी लेकाला बसवलं आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही. येणार कसं? मोठ्या माणसाचं नाव आलं की आपल्याकडे डोकं आधी झुकतं, विचार नंतर करतं. नाव बदलताना जुनी जोडणी सुटली. ती पुन्हा स्टेजवरच करू, म्हणजे बँड वाजेल आणि शोभा येईल, असंही त्याला वाटलं.

मांडव भरगच्च होता. पहिल्या रांगेत यादोराव, त्यांच्या बाजूला त्यांच्या आई धुरपताबाई. ऐंशी पार केलेल्या, हातात काठी, डोक्यावर पदर. कॉलेज उभं होतं ती जमीन त्यांचीच, त्यांनीच दिलेली. मागे प्राध्यापक, विद्यार्थी, कुडव्याचे दुकानदार, आणि सगळ्यांत मागे अंगणवाडीतून थेट आलेली राजकुमारी. स्टेजवर मोठा पडदा, टेबलाखाली खोलीतून उचलून आणलेला सर्वर, आणि पडद्यावर छोटेलालच्या डब्यांची यादी. चालू असेल त्याच्यापुढे हिरवा ठिपका, बंद असेल त्याच्यापुढे लाल.

छोटेलालनं हजेरीची जोडणी करून दाखवली. बँड वाजला. लोकांनी टाळ्या दिल्या. परीक्षेची केली. मेश्राम आणि कटरे, बँड वाजला, आणि मागून रंजितामॅडमनी शिट्टी मारली. होय, शिट्टी. छोटेलालला वाटलं आपण तरंगून राहिलो. त्यानं माइक तोंडाजवळ घेतला आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं, ‘‘आता स्वर्गीय बकारामजी टेंभरे ग्रंथालय!’’ आणि बटण दाबलं.

बँड वाजला नाही. हातभर उंचीच्या लाल अक्षरांत पडद्यावर आलं:

‘थांबा. बकाराम टेंभरे, यादोराव टेंभरे. दोन्हीकडे एकच कुळ. ही सोयरीक होत नाही. दुसरं स्थळ पाहा.’

टाळ्या थांबल्या आणि टेबलाखालचा सर्वर ऐकू यायला लागला. छोटेलालनं पुन्हा बटण दाबलं. ‘लगन’नं पुन्हा तेच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा विचारलं म्हणून की काय, अक्षरं लुकलुकायला लागली. हेही छोटेलालनंच लिहिलं होतं, एका खुशीच्या दुपारी.

प्राचार्य वाकून कुजबुजले, ‘‘नाव बदला ना पटकन!’’

‘‘कोनाचं बदलू सर?’’

बापाचं काढावं तर आजचा समारंभच बापाचा. लेकाचं काढावं तर लेक समोर बसलेला, आणि केशोरीचा हुकूम त्याच्याच सहीचा निघणार. छोटेलाल घामानं निथळत होता. जानेवारीतल्या गोंदियाच्या थंडीत घाम! हिरव्या ठिपक्यांच्या रांगेत तो लाल ठिपका त्याच्याकडे टक लावून पाहत होता, आणि त्याला केशोरीच्या शाळेची घंटा स्पष्ट ऐकू येत होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी जमिनीवर आपटली. ‘‘याद्या,’’ धुरपताबाई म्हणाल्या, ‘‘काय लिवलं हाय तिथं? मोठ्यानं वाच.’’

आख्ख्या तालुक्यात यादोरावांना याद्या म्हणणारं हे एकच माणूस. ते उठून उभे राहिले, पडद्याकडे पाहिलं, आणि ज्यानं कुळावरून लोकांच्या सोयरिका मोडल्या त्या माणसाला स्वतःच्याच आवाजात वाचावं लागलं, ‘‘बकाराम टेंभरे, यादोराव टेंभरे. एकच कुळ. सोयरीक होत नाही.’’

‘‘बरोबर तं सांगून राहिली मशीन!’’ म्हातारी म्हणाली. ‘‘बाप-लेकाचं लगन लावता का रे मेल्याहो?’’

मांडव फुटला. हसण्याचा लोंढा मागच्या रांगेतून उठला तो थेट स्टेजवर येऊन आदळला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. रंजितामॅडमना कोणीतरी पाणी दिलं. यादोरावांनी काही वेळ ओठ दाबून धरले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते खुर्चीच्या पाठीला धरून असे हसले की प्राचार्यांनाही हसायची परवानगी मिळाली.

एकटा छोटेलाल हसत नव्हता. जोडणी अजून झालेली नव्हती.

धुरपताबाईंनी काठी त्याच्याकडे रोखली. ‘‘तू काऊन रडकं तोंड करून राहिला गा? बकारामसंग लगन माझं लागलं होतं. मले बसव तिथं.’’

‘‘काकी, पर तुमी बी टेंभरेच...’’

‘‘टेंभरे लगनानंतर झाली. त्याच्या आंधी मी बोपच्याची धुरपता. तेच लिव.’’

छोटेलालनं यादोरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग त्यानं त्यांचं नाव पुसलं आणि एकेक अक्षर करत लिहिलं: धुरपता बोपचे. मोठ्या पडद्यावर ते नाव उमटत गेलं तशी म्हातारी काठीवर जोर देऊन उठून उभी राहिली. या गावात सत्तर वर्षांत तिला कोणी बकारामची बाई म्हटलं, कोणी याद्याची माय, कोणी काकी, कोणी आजी. सातबाऱ्यावर ती टेंभरे, मतदार यादीत टेंभरे. बोपच्याची धुरपता हे तिनंही बहुतेक मनातच म्हटलं असेल. ती शाळेत गेली नव्हती. सही करायला साठाव्या वर्षी शिकली, त्यामुळे अक्षरं तिला हळूहळू लागत होती. ती बोटानं हवेत एकेक अक्षर पकडत होती.

बटण दाबलं. टेंभरे आणि बोपचे. बँड असा वाजला की स्पीकर फाटायचा राहिला. हारतुऱ्यांच्या ताटातल्या अक्षता कोणीतरी उचलून पडद्यावर फेकल्या, मग दुसऱ्यानं फेकल्या, मग दुकानदार आणि पोरं आणि प्राध्यापक कोणी मागे राहिलं नाही. धुरपताबाईंनी पदर तोंडावर घेतला. ऐंशी वर्षांची बाई लाजली, अगदी खरीखुरी लाजली.

गलका थांबायला पाच मिनिटं लागली. मग यादोराव स्टेजवर चढले. डोळे पुसून झाले होते, आवाज जाग्यावर आला होता. ‘‘छोटेलाल, पैज बाकी हाय.’’

‘‘हो साहेब. सांगा, काय बंद करू?’’

यादोरावांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. ‘‘बाबाले बंद कर.’’

छोटेलालनं बकाराम टेंभरे नुसता बंद केला नाही, डबाच मोडून टाकला. यादीतून नाव गेलं. ग्रंथालयाचं पान गेलं. हजेरी हिरवी होती. मागून रंजितामॅडम ओरडल्या, ‘‘परीक्षा चालू हाय!’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यादोरावांनी वाजवल्या नाहीत. ते पडद्याकडेच पाहत होते.

‘‘आणि पुस्तकं?’’ त्यांनी विचारलं. ‘‘बाबा गेला, मंग पुस्तकं कुठं हायत?’’

‘‘पुस्तकं कोठारात हायत, साहेब. दुकान मोडलं तरी कोठार मोडत नाई.’’ छोटेलालनं ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘‘धुरपता बोपचे चालू हाय. चार हजार तीनशे बारा पुस्तकं, सारी तिच्यापाशी हायत.’’

यादोराव बोलले ते माइकवर नाही, पण माइक जवळ असल्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. ‘‘बाबा गेला तवा मी सहा वर्साचा होतो. लोक म्हनत, आता या घरचं सारं गेलं.’’ त्यांनी खाली आईकडे पाहिलं. ‘‘काईच गेलं नोतं.’’

छोटेलालनं नवा डबा केला, बकाराम टेंभरे नाव दिलं, धुरपताला जोडला. बँड वाजला. ग्रंथालयाचं पान उघडलं. पुस्तकं चार हजार तीनशे बारा. मोजून घेतली, एक कमी नाही.

यादोरावांनी माइक हातात घेतला. ‘‘नागपूरवाल्यायले सांगून द्या, येऊ नोका म्हनून,’’ ते प्राचार्यांना म्हणाले. ‘‘आणि केशोरीले घंटा वाजवाले दुसरा मानूस पाहा. माझी माय या मानसाच्या हाती हाय. याले मी कुठं जाऊ देत नाई.’’

छोटेलालला हसू आणि रडू एकदमच आलं. दोन्ही एकाच वेळी करता येत नाही म्हणून तो नुसता तोंड उघडं टाकून उभा राहिला. मागच्या रांगेतून राजकुमारी खुर्च्यांमधून वाट काढत, लोकांचे पाय तुडवत, माफी न मागता स्टेजच्या खाली येऊन पोचली आणि तिनं पदरानं सगळ्यांसमोर त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

धुरपताबाई अजून उभ्याच होत्या. गर्दी पांगायला लागली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, तरी त्या पडद्यावरून नजर काढेनात. छोटेलाल सर्वर आवरायला आला तेव्हा त्यांनी त्याला काठीनं जवळ बोलावलं.

‘‘हे नाव किती दिवस राहीन गा तिथं?’’

‘‘पुस्तकं राहतीन तोवर, काकी.’’

‘‘माझे चारही भाऊ गेले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मले या नावानं वळखनारं आता कोनी नाई.’’ मग त्यांनी पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बोट केलं. ‘‘आता हे मशीन वळखते.’’